तीन गाठींची दोरी

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या कॉलनीच्या गेटजवळच्या शिरीषाला मिठी मारून उभे होते. मला वाटलं, म्हातारा गेला कामातून. जवळ गेले तर हातात सुतळीची दोरी. झाडाभोवती फिरवून तिचं टोक शोधत होते. मला म्हणाले, "बाई, जरा तिकडून टोक द्या जी." मी दिलं. त्यांनी दोरी ताणली आणि खूश होऊन म्हणाले, "तिसरी गाठ ओलांडली. आई झाली ही." मी मनात म्हटलं, नक्की गेला कामातून.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते चंद्रपूरकडचे. सगळी नोकरी जंगलात वनरक्षक म्हणून काढली आणि म्हातारपणी मुलाकडे मुलुंडला आले. टेकडीच्या पायथ्याला आमची कॉलनी, तिथेच त्यांची बिल्डिंग. इथे आल्यावर त्यांना एक गोष्ट कळली आणि ते चक्रावून गेले. कॉलनीतल्या निम्म्या कोकणी माणसांच्या नावावर गावाला रान आहे आणि एकालाही आपल्या रानात काय उभं आहे ते माहीत नाही. "तुम्ही जंगलाचे मालक, आणि मी बिनजंगलाचा," म्हणायचे. "देवाचा काही हिशेबच नाही बाप्पा."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही गावाला जाणार शिमग्याला आणि गणपतीला. शिमग्याला पानं झडलेली असतात, तेव्हा वाटतं सगळं वाळून गेलंय. गणपतीला इतकं माजलेलं असतं की आत पाय टाकवत नाही. मग बांधावर उभं राहायचं, "हां, आमचं रान," म्हणायचं आणि मोदक खायला घरी यायचं. लग्न होऊन मला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. मी आमच्या रानात एकदाही शिरले नव्हते.

म्हणून त्यांनी रविवारचा वर्ग काढला. गणपती मंडळाच्या खोलीत सतरंजी टाकून. आम्ही सात-आठ जण, सगळे साठीच्या पुढचे. मी चौथी शिकलेली, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला लिहायला लावलंत तर मी उठून जाईन." त्यांनी मला एक जुनी वही दिली. एका पानावर झाडाचं पान चिकटवलेलं, समोरच्या पानावर त्याच झाडाच्या सालीवर कागद ठेवून पेन्सिल घासलेली. ऐन, किंजळ, कुंभा, नाणा. खाली नाव मोठ्या अक्षरांत. "हे वाचायचं नाही, ओळखायचं," म्हणाले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते हे मी तिथे शिकले. मगर मात्र मी अजून पाहिलेली नाही.

वर्ग संपला की टेकडीच्या पायवाटेला जायचं. माझी शेजारीण शेवंता बिबट्याला घाबरायची. मास्तर म्हणायचे, "तो पण तुम्हाला घाबरतो जी. तुम्ही फक्त बोलत राहा." हे काम शेवंताला जमण्यासारखं होतं.

त्यांचं खरं शिक्षण त्या दोरीत होतं. दोरीला तीन गाठी. झाडाला वेढा घालायचा आणि तो कुठल्या गाठीपर्यंत पोचतो ते बघायचं. पहिल्या गाठीपर्यंत पोचलं नाही ते पोर, हात लावायचा नाही. पहिली ओलांडली तरी अजून वाढतंय, राहू द्यायचं. दुसरी ओलांडली की कामाचं. घराला लाकूड हवं असेल तर यातलं मागायचं. आणि तिसरी ओलांडली ती आई, तिचं बी पडून रान होतं, तिला कधीच तोडायचं नाही. शर्टाच्या खिशावर हात ठेवून ते सांगायचे, "दोरी छातीच्या उंचीवर धरायची. बुंध्याला नाही." दोरी नेहमी तेच धरायचे, गाठ आम्ही बघायचो. माणसांवरही दोरी चालवायचे. सोसायटीचे सेक्रेटरी समोरून आले की हळूच म्हणायचे, "दुसऱ्या गाठीला आले. कामाचे झाले."

मग दिवाळीनंतर गावाहून माझ्या दिराचा, शांतारामचा, फोन आला. घराचं छप्पर बसायला आलंय, ठेकेदार आलाय, सगळं रान सरसकट तोडून घेतो म्हणतोय, सहीला ये. माझा नवरा गेल्यापासून रान आम्हा दोघांच्या नावावर, माझ्या सहीशिवाय पान हलणार नाही. वर्षापूर्वी असा फोन आला असता तर मी डोळे मिटून सही केली असती. आता म्हटलं, आधी रान बघते, मग सही.

मी एकटीच गेले. निघताना मास्तरांनी दोरी माझ्या हातात दिली.

शांतारामला म्हटलं, "छपराला लाकूड घे. दुसरी गाठ ओलांडली असेल ते सगळं तुझं, फक्त आई सोडायची. बाकी रान उभं राहणार. कबूल?"

तो हसला. "वयनी, तुका रानातला काय कळता? फिरव तुझी दोरी. दोरीत बसात ता माझा."

दोन दिवस मी रानात फिरले. काट्यांनी साडी फाटली, गुडघे बोलायला लागले. छातीशी दोरी धरायची, दुसऱ्या गाठीच्या पुढे गेलं की चुन्याचं बोट ओढायचं. संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर निम्म्या रानाला चुना. ज्याला त्याला चुना. शांताराम खूश. "तुझ्या दोरयेन माझाच काम केल्यान गो!" ठेकेदाराला त्याने परत निरोप धाडला.

माझं काहीतरी चुकलं होतं, पण काय ते कळेना. मास्तरांना फोन केला. त्यांनी झाडं किती, रेघा किती, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "इतकी कामाची झाडं एका रानात? काहून? मी येतो. तोवर कुऱ्हाड लावू देऊ नका." दुसऱ्या दिवशी दुपारी ते बॅग घेऊन अंगणात उभे. पण सकाळीच तीन ऐन पडले होते. वनखात्याची परवानगी छपरापुरती होतीच, आणि मी शांतारामला अडवलं तर तो म्हणाला, "शब्द म्हंजे शब्द."

मास्तर एका उभ्या झाडाजवळ गेले. चुन्याची रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं, परत रेघेकडे. "बाई, ही रेघ कोणाच्या छातीवर आहे?"

"माझ्या. दुसऱ्या कोणाची आणू?"

मास्तर सहा फुटाच्या जवळ. मी पाच फुटाला दोन बोटं कमी. झाड खाली जाड असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी दोरी खाली धरली होती, म्हणून प्रत्येक झाड जाड भरलं होतं. माझ्या बुटकेपणाने निम्मं रान मारायला काढलं होतं.

ते तोडलेल्या ऐनाच्या खोडावर बसले. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "चूक माझी. मी तुम्हाला दोरी दिली, छाती दिलीच नाही."

शांताराम ऐकायला तयार नव्हता. दोरी म्हणजे दोरी, आता फिरायचं नाही. मास्तरांनी वाद घातला नाही. तिथल्याच बांबूची एक काठी तोडली, स्वतःच्या खिशाला लावून तिच्यावर कोयत्याने खाच पाडली आणि काठी व दोरी दोन्ही शांतारामच्या हातात दिली. "मालक तुम्ही आहात जी. मग तुम्हीच मोजा. तुम्ही म्हणाल ते तोडू."

शांताराम हसत निघाला. पहिली दहा झाडं त्याने भराभरा मोजली. मग हळू झाला. मग काठी सरळ आहे की नाही ते बघायला लागला. चार वाजेपर्यंत त्याचा चेहरा बदलला होता. एका किंजळीला दुसरी गाठ जेमतेम टेकली. मीच म्हटलं, "घे रे, भरली." तर माझ्यावर डाफरला, "खय भरली? बोटभर कमी हा. ह्यां अजून वाढतला!" आणि स्वतःच्या लुंगीच्या टोकाने माझी चुन्याची रेघ पुसली. मास्तर माझ्याकडे बघून नुसते मिशीत हसले. आयुष्यभर त्या रानाच्या बांधावर राहिलेला माणूस पहिल्यांदा आत गेला होता, आणि आता एकेका झाडासाठी कंजुषी करत होता.

ठेकेदार आला तेव्हा शांतारामनेच त्याला अंगणातून परत पाठवलं. पडलेले तीन ऐन आणि आणखी चार झाडं, एवढ्यात छप्पर झालं. परत निघताना मास्तरांनी त्याला तीन खोडं दाखवली. "याला फुटवे येतील. गुच्छच्या गुच्छ येतील. त्यातले दोन चांगले ठेवायचे, बाकी काढायचे."

गेल्या वर्षी मास्तरांची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. मुलाने दूर कुठे भाड्याने घर घेतलं, तिथे म्हाताऱ्याला खोली नव्हती. ते मुलीकडे चंद्रपूरला निघाले. टेम्पोत सामान फार नव्हतं. शेवंता रडली, मी नाही. मी विचारलं, "आता वर्गाचं काय?" त्यांनी पान-सालीच्या वह्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, "तुम्ही घ्या जी." मी म्हटलं, "मी चौथी पास." म्हणाले, "झाडं तेवढीही शिकलेली नाहीत."

तर आता रविवारी सतरंजी मी टाकते. शांताराम अधूनमधून मोबाईलवर फुटव्यांचे फोटो पाठवतो, एकेका खोडावर बरोबर दोन. ते मी मास्तरांना पाठवते, आणि त्यांचा फोन येतो, "डावीकडचा जोरात आहे बाप्पा!" दोरी जुनी झाली म्हणून मी नवी सुतळी घेऊन त्याच मापाने गाठी मारल्या. काठी मात्र तीच, गावाहून परत आणलेली. तिची खाच माझ्या नाकाशी येते.

परवा एक नवे गृहस्थ आले, बँकेतून रिटायर झालेले, उंचीला माझ्याएवढेच. दोरी स्वतःच्या छातीशी लावायला निघाले. मी काठी मध्ये घातली.

"छातीच्या उंचीवर म्हणालात ना तुम्ही?" ते म्हणाले.

"तुमच्या नाही. मास्तरांच्या."

"कुठे आहेत ते?"

"चंद्रपूरला असतात," मी म्हटलं. "छाती इथे ठेवून गेलेत."