दमयंतीकाकूंची राहिलेली सही

२००६ सालची गोष्ट. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स गावच्या एका कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम सलग पाच मॅच हरली आणि आपल्या मराठी पालकांच्या अंगात फुटबॉल संचारला. दातांचे डॉक्टर उदय खांबेटे यांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता, हे त्यांच्या बायकोचंच म्हणणं. पण कोच प्रिचर्डला काढा, असं पत्र घेऊन तेच फिरत होते. सही राहिली होती फक्त दमयंतीकाकूंची. काकू हॉस्पिटलातल्या निवृत्त सिस्टर, आणि नात आश्लेषा टीमच्या बचावफळीत.

"काकू, प्रॅक्टिसला तो चौघींना एक दोरी धरून पळवतो हो! गुरं आहेत का ती?"

"अरे, ती साखळी आहे," काकू म्हणाल्या. तरुणपणी त्या सांगलीकडून कबड्डी खेळलेल्या. "एक सरकली की बाकीच्या तिघींनी सरकायचं. आम्ही हात धरायचो, हा दोरी देतो. हुशार आहे माणूस. मुलींना सवय तरी होऊ दे!"

"आज हरलो तर सही कराल?"

"करीन. आण तो कागद."

त्या दुपारी चौघी अशा एकजुटीने सरकत होत्या, की समोरच्यांना फटच सापडेना. शेवटी आपला एक गोल झाला आणि मॅच जिंकली. सगळ्यांत मोठ्याने उदयराव ओरडले, "काय डिफेन्स शिकवलाय प्रिचर्डने!"

काकूंनी शांतपणे पत्राचा पुडा वळला, डब्यातला चिवडा त्यात भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घे रे उदय. दातांना जरा दुसरं काम दे."