घंटीमावशीचा नियम

माझ्या नणंदेला सगळी वस्ती घंटीमावशी म्हणते. मी वन्सं म्हणते, तेही चारचौघांत. घरात आमचं अगं-तुगं चालतं आणि भांडण तर रोजचंच.

चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात आम्ही बायका सकाळी रांधतो आणि दुपारी ज्यांना कुणी नाही त्यांच्या दारी डबे पोचवतो. भात, रस्सा, कधी उकडलेलं अंडं. रश्श्यात मीठ मी घालते, कारण वन्संचा हात मिठाला भलताच सढळ. पण डबे पोचवायचे कसे, हे ठरवणार वन्सं. पिशवी दाराच्या कडीला अडकवायची, घंटी वाजवायची आणि दार उघडायच्या आत जिना उतरून जायचं. घेणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेला रिकामा डबा तिथेच लटकत असतो. तो उचलायचा, भरलेला अडकवायचा. बाईचे गुडघे कुरकुरतात, पण घंटी दाबली की अशी पळते की बघणाऱ्याला वाटावं, चोरीच करून निघाली!

हे खूळ उगाच नाही आलेलं. नवरा गेला तेव्हा हिची पोरं लहान होती. चर्चच्या मंडळीतल्या बायका जेवण घेऊन यायच्या आणि पोरांचं खाऊन होईपर्यंत पडलेले चेहरे करून समोर बसायच्या. एकीने तर धाकट्याच्या पुढ्यातली ताटली मागे ओढली. "आधी आभार मान," म्हणाली. वन्संनी ते गिळलं, पण पचवलं नाही.

मी एकदा म्हटलं होतं, "अगं, निदान एक हाक तरी मार."

"हाक मारली की त्याला उत्तर द्यावं लागतं," ती म्हणाली. "उपाशी माणसाला आणखी कामाला कशाला लावायचं?"

पाळकसाहेबांनी तर रविवारच्या उपासनेत हिचा नियम सगळ्यांना सांगितला. त्या दिवशी वन्सं नवी साडी नेसल्यासारखी चालत होती.

तिच्या वाट्याच्या घरांत एक घड्याळजी होता. तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहायचा. हात कापरे झाले म्हणून दुकान बंद केलेलं, लेक लांब गावी. तो डबा धुवायचा, पण यथातथाच. कडेला रश्श्याचा तेलकट ओघळ राहायचाच. एका आठवड्यात मात्र डबा असा लख्ख यायला लागला की वन्सं मला दाखवायला घेऊन आली.

"बघ, म्हाताऱ्याच्या हातात जोर आला. माझ्या रश्श्याची कमाल."

"मीठ माझं होतं," मी म्हटलं. दोघी हसलो. देवा, काय हसलो आम्ही!

मग एका दुपारी ती गेली, तर आदल्या दिवशीचा भरलेला डबा तसाच लटकत होता. आणि दाराच्या फटीतून वास येत होता. वन्संनी पहिल्यांदा हाक मारली, दार बडवलं, खालच्या मजल्यावरच्यांना बोलावलं. पोलिसांनी दार तोडलं. घड्याळजी न्हाणीघरापासून सरपटत दारापर्यंत आला होता आणि तिथेच पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेलेला नाही, तीन-चार दिवस जिवंत होता.

मग डबे कोण धुवत होतं?

समोरच्या दारातली बाई. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात तीन पोरं. ती दोन दिवस माहेरी गेली, म्हणून तर डबा तसाच राहिला आणि सगळं उघडकीला आलं. परत आल्यावर तिने स्वतःच कबूल केलं. पिशवी संध्याकाळपर्यंत लटकत होती, म्हातारा लेकीकडे गेला असेल, अन्न वाया जाईल, म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. मग रोजचंच झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंडळीच्या बैठकीत मी तोंड सोडलं. खाल्लं ते खाल्लं, शेजारधर्म म्हणून एकदा दार तरी वाजवायचं! काहींचं म्हणणं पडलं, पोलिसांत नाव द्या. वन्सं सगळ्यांचं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तिची पोरं उपाशी आहेत. उद्यापासून तिला डबा द्यायचा. माझ्या हातून जमतं का बघते. नाही जमलं तर हे काम सोडते."

रात्रभर वन्सं या कुशीवरून त्या कुशीवर. तिचा जीव ज्या एका कामात होता, तेच तिच्या घशात अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. तीन मजले चढून वन्संनी घंटी दाबली आणि ती उभी राहिली. दार उघडलं. त्या बाईने आम्हाला बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"घे," वन्सं म्हणाली. "पाच जणांचं आहे. गरम आहे तोवर खा."

आणि हात पुढे केला तिने. मला वाटलं, जिंकली माझी नणंद. मी तर त्या बाईकडे बघूही शकत नव्हते.

बाईने डबा घेतला नाही. ती रडत म्हणाली, "मावशी, मला आवाज यायचा हो. समोरून ठोकल्याचा. मला वाटलं, लेकीकडे जाताना खिडकी उघडी राहिलीय, ती आपटतेय. घड्याळजी आत असेल असं मनातसुद्धा आलं नाही."

"कधी यायचा आवाज?" वन्संनी विचारलं.

"दुपारी. तुम्ही घंटी वाजवली की लगेच. जोरजोरात. मग तुमच्या चपलांचा आवाज खाली जायचा, आणि ते ठोकणं बंद व्हायचं."

वन्संनी डबा तिच्या उंबऱ्यावर ठेवला. जिन्याचा कठडा धरला, एक पायरी उतरली आणि तिथेच खाली बसली. मी काखेत हात घालून तिला उठवायला बघितलं. ती उठली नाही.