कोळंबीची पट्टी आणि दफादाराची माळ

नगरला टँकच्या फायरिंगचे दिवस असले की आमच्या मिलिटरी हॉस्पिटलच्या खिडक्यांच्या काचा दिवसभर थरथरत. मी तिथं सर्जिकल वॉर्डात आया होते. शिक्षण चौथी. वर्दी मला नव्हती. जखमींच्या अंगावरची वर्दी कापून काढायचं काम माझं होतं.

नव्वदनंतरची गोष्ट. दुपारी ॲम्ब्युलन्स आली. टँकमध्ये गोळा भरतानाच फुटला होता. गोळा भरणारा लोडर जागेवर गेला. त्याचं जे सापडलं ते ब्लँकेटात होतं. दोघे जिवंत होते. सवार, म्हणजे साधा शिपाई, गोरख संगमनेरचा. पाठ भाजून कातडं शर्टाला चिकटलेलं. कात्री चालवली तसं कातडंही निघालं. दफादार, म्हणजे हवालदाराच्या हुद्द्याचा, रामनाथ सोनईकडचा. डावी मांडी फाटून हाड दिसत होतं. गळ्यात तुळशीची माळ, रक्तानं काळी पडलेली.

"मावशी, माळ कापू नका," एवढंच तो बोलला.

काही दिवसांत दोघांच्या जखमांत हिरवा पू झाला. वास व्हरांड्यापर्यंत यायचा. इंजेक्शनं लागू पडेनात. मग सर्जन मेजरसाहेबांनी पातळ, पिवळसर पट्ट्या आणल्या.

"कोळंबीच्या कवचापासून केल्यात. जंतूला चिकटतात आणि त्याचं वरचं आवरण फोडतात. नवीन आहे, तपासणी चालू आहे. जबरदस्ती नाही. गोरख, कोळंबी खाल्ली की खाज सुटते का?"

"कोळंबी कुठली साहेब! प्रवरेचे खेकडे लई खाल्लेत. लावा. उरलं तर कालवन करू."

रामनाथनं माळेला हात लावला. "नको साहेब. मी माळकरी हाय. मेल्या जिवाचं काही अंगाला लावनार न्हाई."

"पाय जाईल, दफादार. जीवसुद्धा."

"जाऊ द्या."

गोरखच्या पाठीचा हिरवा रंग गेला. खाली लाल, ताजं मांस दिसू लागलं. रामनाथ तापानं फणफणला. मी त्याचं ड्रेसिंग सोडायला गेले तेव्हा बोलले, "टँकमधनं गोळे डागताना माळ आड आली न्हाई. पट्टीला येती व्हय?"

त्यानं उशाजवळचा स्टीलचा ट्रे माझ्या तोंडावर हाणला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. गोरख पालथा पडल्या पडल्या ओरडला, "मावशी, रिपोर्ट करा याचा!"

मी एका हातानं भुवईवर कापूस दाबला, दुसऱ्या हातानं पट्टी सोडत राहिले. रामनाथ माझ्या हातांकडं बघत होता. मग त्यानं स्वतः माळ काढली.

"तुमच्याजवळ ठेवा. पाय बरा झाला की परत घालीन. साहेबांना बोलवा."

मी बौद्ध. त्याच्या घरी माझ्या हातचं पाणी चाललं नसतं. माळ त्यानं माझ्याच हातात दिली.

मेजरसाहेबांनी सडलेलं मांस कापून काढलं. तापामुळं भूल कमीच दिली होती. चौघांनी त्याला दाबून धरलं. ओरडून त्याचा आवाज बसला. वर पट्ट्या लावल्या. मांडी साफ होत गेली. पण जंतू आधीच रक्तात गेले होते, आणि तिथवर पट्टी पोचत नाही. एका सकाळी डॉक्टरांच्या राउंडच्या वेळीच रामनाथ गेला.

पाय बरा झाला की घालीन, असं तो म्हणाला होता. पाय बरा होत होता. मी माळ गरम पाण्यानं धुतली आणि घरचे यायच्या आत त्याच्या गळ्यात घातली.

त्याच्या आईनं मला विचारलं, "शेवटपर्यंत माळ हुती ना गं?"

"गळ्यातच हाय की," मी म्हणाले.

माझ्या भुवईत तेवढ्या जागी पुन्हा केस उगवले नाहीत. कुणी विचारलं तर मी दफादार रामनाथचं नाव सांगते.