बिनक्लचची गाडी

डॉक्टर कुमुदताई गाडीत बसताना आधी काठी आत टाकायच्या, मग स्वतः बसायच्या आणि शेवटी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायच्या, भाजीची पिशवी ठेवावी तसा. "हा आमचा फुकट्या प्रवासी," म्हणायच्या. लहानपणी तापात तो पाय गेला होता. अशा या बाई अख्ख्या जयपुरात स्वतः गाडी चालवत बाळंतिणी तपासायला जायच्या.

एकोणीसशे साठच्या सुमारास माझ्या नवऱ्याची बँकेतून इथे बदली झाली, तेव्हा तिलक नगरात त्या आमच्या शेजारी होत्या. मूळच्या अमरावतीच्या. धाकटे भाऊ वसंतराव विम्याच्या कचेरीत साहेब. दोघं एकाच घरात राहत. गाडी कुठल्याशा ठाकुरांनी विकायला काढलेली, जुनी, लांबलचक अमेरिकन. तिला क्लचच नव्हता. "ही कसली गाडी!" म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली, आणि नेमकी म्हणूनच ताईंनी ती घेतली. पण ठाकुरांचा कारभारी बाईच्या नावावर कागद करायला तयार होईना, तेव्हा गाडी वसंतरावांच्या नावावर झाली.

"क्लचशिवाय गाडी चालते तरी कशी?" मी एकदा विचारलं. ताईंनी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच सुरू केला. जरा वेळाने समोरचा बंद पंखाही गरगरू लागला.

"हा इंजिन, तो चाक," ताई म्हणाल्या. "दोघं एकमेकांना शिवत नाहीत. इथे मधे हवा आहे, गाडीत तेल असतं. एकाने तेल भिरकवायचं, त्याने दुसरा फिरायचा. गिअर गाडी आपले आपणच बदलते. चढ आला की हळू पण जोराचा गिअर, सपाटीला पळणारा."

"आणि आपल्या नेहमीच्या गाड्या?"

"तिथे मधे क्लच. दोन तबकड्या घासून एकमेकींना धरतात. गिअर बदलायचा की डाव्या पायाने त्यांना सोडवायचं, बदलला की पुन्हा जुळवून द्यायचं. मध्यस्थच की तो! आणि मधे कोणी आलं की घासाघीस आलीच बाप्पा."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. तरुणपणी त्यांच्यासाठी स्थळं घेऊन येणाऱ्या मध्यस्थांनी त्या पायाचा भाव करून करून घर डोक्यावर घेतलं होतं. एकाने तर विचारलं होतं, मुलगी डॉक्टर आहे ते ठीक, पण पायाचं काय देणार? ताई हे हसत सांगायच्या. मला मात्र कधी हसू आलं नाही.

मग एका हिवाळ्यात ताई मावशीच्या आजारपणासाठी अमरावतीला गेल्या. परत आल्या तेव्हा स्टेशनवर वसंतराव नवी देशी गाडी घेऊन उभे. गाडीला हार, शेजारी गणवेशातला ड्रायव्हर. "बैठो डॉक्टरनीजी, अब आपको कोई तकलीफ नहीं," म्हणत त्याने मागचं दार उघडलं. स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा आणि पायाशी क्लच. जुनी गाडी वसंतरावांनी विकली होती. म्हणाले, तिचं तेल मिळत नाही, सामान मिळत नाही, आणि लोक म्हणतात भाऊ साहेब असून बहीण लंगडत गाडी हाकते.

"मला विचारायचंस तरी," ताई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, ताई," वसंतराव म्हणाले. त्यांना ते उत्तर अगदी बिनतोड वाटलं.

ड्रायव्हर संध्याकाळी बस पकडून सांगानेरला घरी जाई. नंतर कुणाचं बोलावणं आलं की ताई दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगत. हळूहळू बोलावणी थांबली. वसंतराव समाधानाने म्हणत, "आता जरा आराम मिळतोय तिला." ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. वाईट असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

लग्नसराईत एकदा मी ताईंबरोबर चौडा रास्ता नावाच्या बाजाररस्त्याने येत होते. पुढे वरात. आमचा ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून गाडी इंच इंच पुढे सरकवत होता, आणि जळका वास सुटला होता. वरातीत फुलांनी मढलेली ती लांबलचक गाडी मी ओळखली. वरातींना भाड्याने द्यायला ती एका बँडवाल्याने घेतली होती. आत नवरदेव.

ताई खिडकीतून बघत राहिल्या. "बघ, किती अलगद चालली आहे," त्या म्हणाल्या. "वरातीला तिच्यासारखी गाडी नाही. कितीही हळू चालवा, घासायला आत काही नाहीच." मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, क्लच छोड दो. जल रहा है." त्याने गाडी उभी केली. वरात पुढे गेली तरी ताईंनी त्याला निघायला सांगितलं नाही.

त्यानंतर फार वर्षं त्या जगल्या नाहीत. तेराव्याला वसंतराव सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. खरंच रडले, त्यात नाटक नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "एक समाधान आहे. ताईला शेवटपर्यंत स्वतः गाडी चालवायची वेळ मी येऊ दिली नाही."

जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.