माझ्या पदरचं एक वाक्य

खोट्या संदेष्ट्यांचा वास मला लांबून येतो, अशी माझी घमेंड होती. माइक हातात आला की कुणाचा आवाज बदलतो, कोण आधी गुपचूप माहिती काढून मग "प्रभूनं मला दाखवलं" म्हणतो, हे मी बसल्या जागी सांगायचे. हा गुण आईचा. ती मिरजेची, निवृत्त नर्स. उपदेश चालू असताना मांडीवर पवित्र शास्त्र उघडून प्रत्येक वचन ताडून बघायची आणि काही चुकलं की चर्चच्या दारातच पाळकसाहेबांना गाठायची.

माझा मोठा भाऊ, दादा, नऊ वर्षांपूर्वी पप्पांशी भांडून घरातून गेला. फोन नाही, पत्र नाही. पप्पा वारले तेव्हाही आला नाही. आई मिरजेच्या घरी एकटीच राहायची, पण दोनदा बाथरूममध्ये पडली तेव्हा मी तिला इकडे सिंगापूरला, सेंगकांगच्या फ्लॅटवर आणलं. लाँग टर्म व्हिजिट पास मिळाला, तिची खोली लावून झाली, मार्केटमधल्या चिनी मासेवालीशी तिची खाणाखुणांनी दोस्तीही जमली. म्हटलं, सुटले बाई एकदाची.

मग एका रविवारी दुपारी तिला घेऊन प्रार्थनासभेला गेले. इंडस्ट्रियल बिल्डिंगमधला भाड्याचा हॉल आणि परदेशातून आलेला उपदेशक. भविष्यवाणी करणारा, म्हणजे मला अजिबात न पटणाऱ्या पठडीतला. आईचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं, म्हणून तो बोलेल ते मी शेजारी बसून मराठीत सांगत होते आणि मनातल्या मनात त्याची टिंगल करत होते. शेवटी त्यानं नेमकं आईलाच पुढं बोलावलं. मीही गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून तो इंग्रजीत म्हणाला, मला एक दार उघडताना दिसतंय. झालं, एवढंच! कसलं दार, कुणाचं दार? कुणालाही लागू पडेल असलं गुळमुळीत.

मी तसंच सांगणार होते. पण आई त्याच्याकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. गुडघे दुखत असताना आधी एलआरटी, मग एमआरटी अशा दोन गाड्या बदलून, मग उन्हातून चालत ती आली होती, आणि तिला मिळणार काय, तर एक दार!

"आई," मी म्हणाले, "देव म्हणतोय, तुझा मुलगा येतोय. नाताळाच्या आत घरी येईल."

मेली माझी जीभ! दुसऱ्या दिवशी सकाळी आई बॅग भरायला बसली.

"अगं, कुठं निघालीस?"

"मिरजेला. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

तिचं बीपी, तिचे गुडघे, ओली फरशी, सगळं सांगून झालं. रडून झालं. ती ढिम्म. तिकीट काढायची वेळ आली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. ती डायनिंग टेबलावर मेथी निवडत होती. समोर बसून मी सगळं कबूल केलं. "आई, तो तसं बोललाच नव्हता. ते मी पदरचं घातलं. थाप मारली मी तुला."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दादाचं त्याला ठाऊक होतं?"

"नाही."

"तसं बोलायचं तुझ्या मनात होतं?"

"नाही गं, पटकन निघून गेलं तोंडातून."

"मग बोललं कोण?"

"मी! मी बोलले! खोटं बोलले!"

"चल!" ती हसायला लागली. "तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात, बालवाडीत होतीस तेव्हापासून. त्या दिवशी नव्हते झाले. मी बघत होते ना."

मी हात टेकले. संताप संताप झाला माझा, आणि भीतीही वाटली. कारण एक गोष्ट मी तिला सांगितलीच नाही. ते वाक्य म्हणताना, तेवढ्या क्षणापुरता, माझाही विश्वास बसला होता. उंबऱ्याशी चपला काढणारा दादा मला दिसला होता. मग ते काय होतं? आईची दया आली म्हणून, मलाही तो हवा होता म्हणून, की आणखी काही? दुसऱ्यांची पारख करण्यात मी एवढी हुशार, पण माझ्या स्वतःच्या तोंडून निघालेलं ते वाक्य कुणाचं, हे मला आजही सांगता येत नाही. किती प्रार्थना केली. उत्तर नाही.

ती गेली. नाताळ आला, दादा आला नाही. वाटलं, आता तरी ती मानेल. नाताळाच्या दुपारी फोन लावला. दादाला आवडतात तशा ओल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या तिनं. आवाज एकदम खणखणीत.

"आई, बघितलंस ना? नाही आला. आता तरी परत ये गं."

"अगं, देव नाताळाच्या आत म्हणाला. कुठल्या नाताळाच्या, ते कुठं म्हणाला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तूच विचारून घे ना त्याला," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं विचारतेय, माझ्याशी नाही बोलत तो. तुझ्याशी बोलतो. विचारशील ना, बाळा?"

"विचारते," मी म्हणाले.

"आमेन," ती म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे म्हणून तिनं फोन ठेवला.