मिठागरातली एकच धाव

पनवेलच्या स्टँडवर नामदेव मेकॅनिक न्यायला आला होता. दोन वर्षांपूर्वी वाटेत बंद पडलेली माझी स्कूटर त्याने दुरुस्त केली, तेवढीच आमची ओळख. पण साताऱ्याच्या शाळेत मी खेळाचा शिक्षक आहे हे त्याने लक्षात ठेवलं होतं. पत्र आलं ते एका ओळीचं: मास्तर, शर्यतीचं घड्याळ घेऊन या.

गव्हाणला त्याच्या घरामागे ती गाडी उभी होती. जुन्या फियाटचं इंजिन, जीपची चासी, पिंपाच्या पत्र्याचं अंग. दारं नाहीत, बॉनेट नाही. दोनशे मीटर सात सेकंदांच्या आत कापायचे, म्हणजे ताशी शंभराच्या वर, एवढाच त्याचा हट्ट. मला मोटारींचं वेड नाही. खाडीतल्या बोयट माशांचं कालवण मात्र झकास होतं.

रस्ते सगळे खड्ड्यांचे. लांब, सपाट जागा एकच, त्याच्या वडिलांच्या मिठागरातला मोठा वाफा. घरच्यांनी पंधरा दिवस पायांनी तुडवून त्याचा तळ टणक केला होता. दुसऱ्या दिवशी उधाणाचं पाणी आत घ्यायचं होतं.

“चपला काडा, मास्तर,” नामदेवचे वडील म्हणाले. “हितं कुनी पायतान घालीत नाय.” मग मुलाकडे वळले. “एकदाच पळव. तल फुटला त गाडी भंगारात.”

नामदेवने पार गुळगुळीत झालेले टायर चढवले होते. “हिच्यापण चपला काढल्यात,” तो मला हळूच म्हणाला.

दोन बांबूंना लाल फडकी बांधली होती. लांबून वेग घेत गाडी पहिल्या बांबूपाशी आली आणि मी कळ दाबली. मग पत्रा थडथडायला लागला, नामदेव स्टिअरिंगवर वाकला, आणि मी शाळकरी पोरासारखा “पळव, पळव!” ओरडत सुटलो. दुसरा बांबू केव्हाच मागे पडला. गाडी थांबली, तरी माझ्या हातातला काटा फिरतच होता.

“किती?” नामदेव धावत आला.

“थांबवायचं विसरलो,” मी म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वडील अनवाणी साऱ्या चाकोरीवरून टाच दाबत चालत आले. “तल शाबूत हाय,” म्हणाले. पुन्हा पळवू का, असं नामदेवने विचारलं. “एकदा म्हंजे एकदा.”

नामदेव मला स्टँडवर सोडायला आला. मी एसटीत चढताना त्याने विचारलं, “शाळेत असं किती वेळा विसरलात?”

“वीस वर्षांत एकदाही नाही.”

तो हसला. “मग पळाली म्हणायची.”

साताऱ्यात उतरल्यावर खिशात हात घातला. घड्याळ अजून चालूच होतं.