फाटकाबाहेरची बैठक

झुंबरबाईंच्या घरून पाहुणा चहा न घेता परतला, असं पिंप्राळ्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं. पाहुण्याला भूक नसली तरी त्या तिला जागी करत. डाळ मिलमध्ये कामाला जाणाऱ्या या बाईला नवऱ्यामागे कामगार वसाहतीतली खोली मिळाली होती. सरकारी खोली, म्हणून भाडं कमी.

सत्त्याऐंशी साली रतिलाल साहेब वसाहतीचे व्यवस्थापक झाले. स्वस्तातल्या खोल्या लोक परस्पर दुसऱ्यांना देतात, असा त्यांना संशय. तसं दोघातिघांनी केलंही होतं. उपाय मात्र सगळ्यांवर झाला. फाटकातून आत येणाऱ्यानं शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवायचा. पाहुण्यानंसुद्धा. सही खोटी करता येते, अंगठा नाही, असं साहेब सांगत. संध्याकाळी ते भिंग घेऊन बसत. मिलमधून आलेल्या हातांचे ठसे म्हणजे नुसते काळे गोळे, पण साहेब गंभीरपणे मान डोलवत.

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात झुंबरबाई नुकत्याच सही शिकल्या होत्या. 'झु'चा उकार त्या फार प्रेमानं काढत. पुन्हा अंगठा द्यायचा म्हणजे त्यांना वर्गातून नाव काढल्यासारखं वाटे. पण खोली जाईल या भीतीनं त्या गप्प होत्या.

मग थोरल्या लेकीचं, कमलचं लग्न ठरवायला असोद्याहून मुलाचे वडील भटू गुरुजी कुटुंबासह आले. फाटकावरच्या हिलालनं ओशाळून शाईची डबी पुढे केली. गुरुजींनी आयुष्यभर गावाला सह्या शिकवलेल्या. ते मागे वळले आणि बस थांब्याकडे चालू लागले.

झुंबरबाई पदर खोचून धावल्या. गुरुजींना त्यांनी हात जोडून थांबवलं. झुंबरबाईंचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. त्या हिलालला म्हणाल्या, "पाव्हना घरना शे, जेलना नही."

हिलालला ते पटत होतं. नोकरीला पटत नव्हतं. तेव्हा झुंबरबाईंनी घरातली सतरंजी मागवली आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला अंथरली. पोहे तिथंच आले, चहा तिथंच आला, कमलही तिथंच आली. शेजारणी आपापल्या बशा घेऊन बाहेर बसल्या. आत फक्त साहेबांचं ऑफिस उरलं.

साहेब घरी जायला निघाले तर वाटेत लग्नाची बोलणी. त्यांनी सगळ्यांना आत यायची विनंती केली. झुंबरबाईंनी त्यांच्याही हातात पोह्यांची बशी दिली आणि विचारलं, "साहेब, तुमची सासू घरी येते, तेव्हा शाई कोण धरतं?"

साहेबांना ठसका लागला. गुरुजींनी पाणी दिलं.

पुढच्या आठवड्यात वसाहतीची सभा झाली. खोली ताब्यात घेताना ओळखीसाठी एकदाच सही, ज्याला ती येत नाही त्याचाच अंगठा, पाहुण्यांना काहीही नाही, असं ठरलं. खोली कुणी दुसऱ्याला राहायला दिली असं वाटलंच, तर साहेबांनी दिवसा दार वाजवून विचारावं. जुने ठसे साऱ्यांसमोर जाळायचे, हे मात्र झुंबरबाईंनी हट्टानं मंजूर करून घेतलं. साहेबांनी थोडी कुरकुर केली, पण काडी त्यांनीच ओढली.

कमल असोद्याला नांदायला गेली. झुंबरबाई त्याच खोलीत राहिल्या. अधूनमधून रतिलाल साहेब त्यांच्याकडे चहाला येत आणि उंबऱ्यात उभं राहून आधी विचारत, "येऊ का?"